रिपोर्ट सोमवारी मिळणार. तोवर काय करू?

कांचनवेल | शुक्रवार, ९ जानेवारी, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि बागकाम सोडून इतर विभागांत फारशी फिरकत नाही. आज इथे लिहितेय कारण घरात बोलता येत नाहीये.

वय ४७, राहणार कोथरूड. दिवाळीनंतर हनुमान टेकडी चढताना छातीत आवळल्यासारखं व्हायला लागलं, दम लागायचा. थांबलं की कमी व्हायचं. दोन महिने 'ॲसिडिटी असेल' म्हणत काढले, मग नवऱ्याने जवळजवळ ओढतच नेलं. ईसीजी बरा, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) बरा. बुधवारी स्ट्रेस टेस्ट (सरकत्या पट्ट्यावर चालवत काढतात तो ईसीजी) झाली आणि रिपोर्टवर आलं 'माइल्डली पॉझिटिव्ह'. मला आधी वाटलं, पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं. काउंटरवरच्या मुलीला मी हसून थँक्यू म्हणाले.

आज सकाळी सीटी अँजिओ (हृदयाच्या रक्तनळ्यांचं स्कॅन) झाली. नाडी ८८ होती, ती साठीच्या आसपास आणायला गोळी दिली आणि दीड तास नुसतं बसवून ठेवलं. मग जिभेखाली फवारा आणि शिरेतून डाय. डाय आत गेल्यावर अंगभर असं गरम पसरलं की कपडे ओले झाले की काय वाटावं. (तिथल्या सिस्टरने आधीच सांगून ठेवलं होतं, "ताई, तसं वाटेल, पण होत नाही." देव तिचं भलं करो.) 'श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा', बस, एवढंच. रिपोर्ट मात्र सोमवारी संध्याकाळी, कारण आमचे डॉक्टर परगावी आहेत.

मुलगा बारावीला आहे, पूर्वपरीक्षा तोंडावर. त्याला काही सांगितलेलं नाही. सासूबाईंना 'कॅल्शियमची तपासणी' असं सांगितलंय. नवरा दर अर्ध्या तासाने "काही निघणार नाही गं" म्हणतो. आता हे त्याला कुठून कळलं? बुधवारी संक्रांत, म्हणून संध्याकाळी तिळाचे लाडू करायला घेतले, तर गुळाचा पाक करपवला. वीस वर्षांत माझा पाक करपलेला नाही.

आंघोळीला गेले तर बुधवारच्या पट्ट्यांचे चिकट गोल अजून छातीवर तसेच. त्यांना साडीचा धागा, गाऊनची लव, सगळं चिकटून काळे झालेले. खोबरेल तेल लावून एकेक चोळून काढत बसले आणि मधेच रडायला आलं.

वैद्यकीय सल्ला नकोय, डॉक्टर चांगले आहेत. तुमच्यापैकी जे अशा दिवसांतून गेलेत त्यांनी ते कसे काढले, एवढंच सांगा.

पेठकर | शुक्रवार, रात्री १०:१५

ताई, पहिलं काम म्हणजे गूगल बंद. स्वानुभव सांगतो. २०१९ साली माझ्या ईसीजीवर 'राइट बंडल ब्रांच ब्लॉक' असं आलं. डॉक्टरची वेळ चार दिवसांनंतरची. 'ब्लॉक' हा एक शब्द घेऊन मी थेट वकिलाकडे गेलो आणि मृत्युपत्र केलं. चार दिवसांनी डॉक्टर म्हणतात, "काका, हा वायरिंगचा ब्लॉक, नळाचा नव्हे. पुष्कळ धडधाकट माणसांच्या ईसीजीत दिसतो." वकिलाचे पैसे गेले ते गेलेच. सौ. म्हणते, त्या निमित्ताने एक काम तरी मार्गी लागलं.

स्पष्टवक्ता | शुक्रवार, रात्री १०:३१

राग मानू नका, पण एवढं काय? तपासणी झाली, रिपोर्ट येईल, जे असेल ते कळेल. आमच्या वडिलांच्या वेळी सीटीही नव्हती आणि धागेही नव्हते. दगडूशेठला जाऊन या आणि झोपा.

मृण्मयी_बाणेर | शुक्रवार, रात्री १०:३८

स्पष्टवक्ता, झोप येत असती तर त्यांनी धागा काढला असता का? कांचनताई, लिहा इथे. मी जागीच आहे, कारण सविस्तर सांगते नंतर.

चिंचवडकर | शुक्रवार, रात्री ११:०५

मी गेल्या जूनमध्ये होल्टर (दिवसभर ईसीजी टिपणारं यंत्र) लावला होता. हृदयाचा ठोका मधेच चुकल्यासारखा व्हायचा. छातीला पट्ट्या, कमरेला डबी, २४ तास. आंघोळ बंद. जून महिना, पाऊस नाही, नुसता उकाडा, आणि पट्ट्यांखाली खाज. सोबत एक कागद देतात, कधी काय केलं ते लिहायला. मी इमानदारीत लिहिलं: 'दुपारी ४:१०, पीएमपीच्या बसमागे धावलो. मिळाली नाही.' रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी आधी ते वाचून दाखवलं.

रिपोर्टला चार दिवस लागले. तेव्हा चिडलो होतो, नंतर हिशोब केला. मिनिटाला ७२ धरले तरी दिवसाचे १,०३,६८० ठोके होतात. मशीन त्यातले संशयास्पद निवडून बाजूला काढतं, मग माणूस बसून ते तपासतो. माझे जास्तीचे ठोके निघाले ४१२. नुसते '४१२' वाचून घाम फुटला होता. लाखात ४१२ असं डॉक्टरांनी म्हटल्यावर पंखा लागायला लागला.

ते चार दिवस मनगटावरच्या घड्याळाने माझं डोकं खाल्लं. दर पाच मिनिटांनी नाडी बघायची, बघितली की वाढायची, वाढली म्हणून परत बघायची. शेवटी बायकोने घड्याळ काढून तांदळाच्या डब्यात घातलं. वर दोन किलो इंद्रायणी. तुमच्याकडे असलं घड्याळ असेल तर आज रात्रीच घाला.

कांचनवेल | शुक्रवार, रात्री ११:२०

आहे. घातलं. आमच्याकडे आंबेमोहर आहे.

ईसीजीवाली | शनिवार, १० जानेवारी, सकाळी ७:४०

रात्री धागा वाचला, सकाळी सविस्तर लिहावं म्हणून थांबले. मी २६ वर्षं ईसीजी आणि स्ट्रेस टेस्टच्या खोलीत काम केलं, आता निवृत्त. पुण्यातल्याच एका दवाखान्यात, नाव कशाला.

पहिली गोष्ट, आमच्या चेहऱ्यावरून रिपोर्ट वाचू नका. सगळे तेच करतात. पेशंट पलंगावर आडवा, अंगावर दहा वायरी (या दहाच असतात आणि कागदावर मात्र 'बारा लीड'. दोन वायरी लावायच्या राहिल्या म्हणून माझ्याशी भांडलेले लोक आहेत!), आणि नजर माझ्या तोंडावर. माझा चष्म्याचा नंबर वाढला होता, त्यामुळे बारीक रेघा बघताना कपाळाला आठ्या पडायच्या. एका गृहस्थांनी त्या आठ्या बघितल्या आणि बाहेर जाऊन अमेरिकेतल्या मुलाला फोन लावला. 'लगेच नीघ' म्हणून. रेघ अगदी स्वच्छ होती हो. त्या दिवसापासून मी ईसीजी काढताना पेशंटशी भाजीच्या भावावर बोलायला लागले. मेथी कितीला, कोथिंबीर कितीला. हात चालू, तोंड चालू, कपाळ सपाट.

दुसरी, कागदाच्या वर मशीन स्वतःच इंग्रजीत काहीबाही छापतं. 'ॲबनॉर्मल' वगैरे. तो मशीनचा अंदाज असतो, त्याखाली 'अनकन्फर्म्ड' असंही असतं, पण ते कोणी वाचत नाही. डॉक्टरने बघून सही केली की तो रिपोर्ट.

तिसरी, स्ट्रेस टेस्टबद्दल. तो पट्टा दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढवतो, आणि २२० वजा वय करून जो आकडा येतो त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत नाडी नेतात. तुमच्या वयाला १४७ च्या आसपास. म्हणजे हृदयाला मुद्दामच पळवायचं आणि रेघ कशी बदलते ते बघायचं. 'पॉझिटिव्ह' म्हणजे रेघ बदलली. आत नळी तुंबलीय असं त्या मशीनला दिसत नाही, दिसूच शकत नाही. म्हणून तर तुम्हाला सीटीला पाठवलं.

आणि वाट बघण्याबद्दल विचारलंत म्हणून. बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांत मी एक बघितलंय. ज्यांच्या हातात काही काम असायचं, विणकाम, जपमाळ, शब्दकोडं, एक आजी तर तांदूळ निवडायला घेऊन यायच्या, त्यांची नाडी आत येईपर्यंत खाली असायची. शास्त्र मला माहीत नाही. आकडे मी स्वतः लिहिलेत.

पेठकर | शनिवार, सकाळी ८:१०

प्रतिसाद आवडला. ताई, मेथीचे भाव सांगणाऱ्या त्या तुम्हीच असाल तर माझा ईसीजी तुम्हीच काढला असावा.

ईसीजीवाली | शनिवार, सकाळी ८:१६

शर्ट काढायला नाही म्हणणारे?

स्टेथोस्कोप | शनिवार, दुपारी १:३०

मी फिजिशियन आहे. ताईंनी सल्ला नको म्हटलंय, तो मान ठेवून फक्त माहिती देतो, कारण धागा इतरही वाचत आहेत.

बायकांमध्ये स्ट्रेस टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं. त्यात 'माइल्डली'. त्यामुळे त्या शब्दावर तीन दिवस उपाशी राहण्यात अर्थ नाही. सीटीचा रिपोर्ट लगेच न मिळण्यामागे फक्त डॉक्टर परगावी असणं हे कारण नसतं. धडधडणाऱ्या हृदयाचे शेकडो काप एकावर एक जुळवून प्रत्येक रोहिणी टोकापर्यंत बघावी लागते.

आता जे सगळ्यांनी लक्षात ठेवायचं ते. वाट बघायची ती रिपोर्टची, दुखण्याची नाही. बसल्या जागी छातीत दाब आला आणि थांबेना, घाम फुटला, दुखणं जबड्यात, हातात किंवा पाठीत गेलं, धाप लागली, तर 'सोमवारी दाखवायचंच आहे' म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या इमर्जन्सीत जा. बायकांमध्ये नुसती मळमळ आणि प्रचंड थकवा एवढंच असू शकतं. आणि शेजारच्या काकांच्या खिशातली सॉर्बिट्रेट (छातीदुखीवरची गोळी) जिभेखाली ठेवू नका. रक्तदाब एकदम पडू शकतो. तो व्हॉट्सॲपवरचा मेसेज मी वर्षातून चार वेळा खोडून काढतो.

रातराणी | शनिवार, दुपारी ४:४५

डॉक्टर, इमर्जन्सीचं लिहिलंत ते बरं केलंत. आमची ती रात्र झालीय. दोन वर्षांपूर्वी, नवरा ५१ चा, रात्री दीडला छातीत दुखायला लागलं. ईसीजी ठीक, रक्तातलं ट्रोपोनिन काढलं, तेही ठीक. मी पर्स उचलली, निघू या म्हटलं. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "काकू, बसा. तीन तासांनी परत काढायचंय." हृदयाच्या स्नायूला इजा झाली तर ते रक्तात चढायला वेळ लागतो, म्हणून एकावर भागत नाही.

ते तीन तास. तुम्ही तीन दिवसांचं विचारताय, मला अजून ते तीनच तास आठवतात. कॅज्युअल्टीत पडद्यापलीकडे एका मुलाचा हात मोडलेला, तो आईला म्हणत होता की मोबाईलला काही झालं नाही ना बघ. आम्ही दोघंही हसलो. नवऱ्याच्या पायावर चादर नीट करण्याचं काम मी बहुतेक चाळीस वेळा केलं. पहाटे सव्वापाचला दुसरं ट्रोपोनिन आलं, तेही ठीक. बाहेर टपरी उघडत होती. पहिला चहा गाळताना त्याने आमच्याकडे बघितलं आणि पैसे घेतले नाहीत. असे लोक त्याला रोजच दिसत असणार.

दुखणं पित्ताशयातल्या खड्यांचं निघालं. ते प्रकरण वेगळं.

मृण्मयी_बाणेर | शनिवार, रात्री ८:२०

माझं सांगते म्हटलं होतं. माझे बाबा ७१, निवृत्त शिक्षक, सातारा रोडला राहतात. मागच्या महिन्यात एको झाला. हल्ली रिपोर्टची लिंक थेट फोनवर येते, डॉक्टरच्या आधी. बाबांनी आम्हाला न सांगता ती उघडली आणि वाचलं 'इजेक्शन फ्रॅक्शन ६०%'. तीन दिवस जेवण कमी, बोलणं कमी. चौथ्या दिवशी आईला लॉकरची किल्ली कुठे आहे ते दाखवलं. तेव्हा आईने मला फोन केला.

त्यांच्या डोक्यात ४० टक्के हृदय बंद पडलेलं! मी डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, भरलेल्या रक्तातलं साधारण ५५ ते ७० टक्केच रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर फेकलं जातं, शंभर कोणाचंच नसतं. बाबांना म्हटलं, "अहो बाबा, साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास." ३५ वर्षं तेच तर मुलांना सांगत आले होते. त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

त्याच कागदावर 'ट्रिव्हियल एमआर' (झडपेतून किंचित गळती) आणि 'ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन' (हृदय सैलावण्यात थोडी कसर) असंही होतं. डॉक्टर म्हणाले, पहिलं धडधाकट लोकांतही दिसतं, दुसरं या वयात बहुतेक कागदांवर असतं. पण 'डिसफंक्शन' वाचून माणूस काय समजणार?

म्हणून मला विचारायचंय, लिंक आली तर उघडावी की नाही?

पेठकर | शनिवार, रात्री ८:३२

नाही. मृत्युपत्र आठवा.

चिंचवडकर | शनिवार, रात्री ८:४०

उघडावी. न उघडता झोपणारा माणूस मला दाखवा. फक्त एकट्याने उघडू नये आणि रात्री उघडू नये. शब्द अडला तर कागदावर उतरवून डॉक्टरसाठी ठेवावा.

स्टेथोस्कोप | शनिवार, रात्री ९:१५

चिंचवडकरांशी सहमत. पेशंट प्रश्न लिहून घेऊन आला की माझंही काम सोपं होतं. मात्र रिपोर्टच्या शेवटी 'इम्प्रेशन' म्हणून दोन-तीन ओळी असतात, आधी त्या वाचा. लोक पहिल्या पानावरच्या मोजमापांत बुडून मरतात.

स्पष्टवक्ता | शनिवार, रात्री ११:५०

काल जरा तोडून बोललो. माझ्या धाकट्या भावाने दोन वर्षं तपासणीच टाळली. 'आत्ता बरं वाटतंय' म्हणायचा. तुम्ही दुखतंय म्हटल्यावर गेलात आणि आता वाट बघताय. त्याने ती वाट बघितली असती तर मी त्याच्यासोबत बाकावर बसलो असतो. असो.

कांचनवेल | रविवार, ११ जानेवारी, रात्री १०:४०

सगळ्यांना एकेकाला उत्तर द्यायचंय, पण आधी आजचं सांगते.

सकाळी नवरा मंडईत गेला आणि पाच किलो मटार घेऊन आला. पाच किलो! घरात माणसं चार, त्यातल्या सासूबाईंना मटाराने वात होतो. मी काही बोलले नाही, कारण ईसीजीवाली ताईंच्या आजी आणि त्यांचे तांदूळ डोक्यात होते. दुपारी जेवणं झाल्यावर हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरलं, मधे परात दाण्यांना, बाजूला टोपली टरफलांना, आणि आम्ही तिघं बसलो. मुलगा आतल्या खोलीत रसायनशास्त्र करत होता.

खरंच सांगते, पहिला अर्धा तास फार छान गेला. शेंग उघडताना तो टक् आवाज, अंगठ्याने दाणे खरवडायचे, एखादी अळी निघाली की सासूबाईंचं "अगं बाई". हृदय नावाची वस्तू मला आहे हेच मी विसरले होते.

मग माझं लक्ष नवऱ्याकडे गेलं. त्याच्यासमोर परातीत टरफलं पडत होती आणि दाणे टोपलीत. एक नाही, दोन नाही, चांगली ओंजळभर. हा माणूस सीए आहे. पैशाचा फरक लागला तर रात्रभर जागतो.

"काय झालं?" म्हटलं.

"कुठे काय."

सासूबाईंनी शांतपणे हातातली शेंग सोलली, दाणे परातीत टाकले आणि म्हणाल्या, "मला कॅल्शियमचं सांगितलंत, मी ऐकून घेतलं. पण कॅल्शियमच्या पिशवीवर एवढा मोठा लाल बदाम कशाला काढतील?" आणि चहा टाकायला उठल्या. ती पिशवी मी फ्रीजवर ठेवली होती, उघड्यावर. वेंधळेपणा माझाच.

तर झालं असं, फॉर्म नवऱ्याने भरला होता, त्यामुळे नंबर त्याचा. लिंक शनिवारी संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी त्याला आली. त्याने ती खाली पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून उघडली. चार पानं. 'प्लाक' आणि 'स्टेनोसिस' हे शब्द दिसले आणि त्याच्या पुढचं त्याला काही दिसलंच नाही. पाऊण तास तिथेच बसून होता. वॉचमनने दोनदा विचारलं, साहेब, गाडी चालू होत नाही का? वर येऊन मला म्हणाला, "काही निघणार नाही गं." मी इथे बसून तुमचे प्रतिसाद वाचत होते आणि हसत होते, त्या वेळी हा आत एकटाच ते वाहत होता. मला राग यायला हवा होता. आला, पण मिनिटभरच.

मग दोघांनी मिळून उघडलं, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे शेवटच्या ओळींपासून. 'मिनिमल' असा एक शब्द आहे. 'लेस दॅन २५%' आहे. कॅल्शियम स्कोअर ८. 'कॅड-रॅड्स १'. यातलं आम्हाला कळतं ते एवढंच की २५ हा आकडा लहान आहे. म्हणजे सासूबाईंना सांगितलेलं कॅल्शियम अगदीच खोटं नव्हतं.

मटार अजून अडीच किलो शिल्लक आहेत.

स्टेथोस्कोप | रविवार, रात्री ११:०५

तुमचे डॉक्टर उद्या सांगतीलच, तुम्हाला प्रत्यक्ष तपासलंय ते त्यांनी, मी नाही. इतर वाचकांसाठी एवढंच की कॅड-रॅड्स ही ० ते ५ अशी पट्टी आहे. ० म्हणजे काहीच नाही, ५ म्हणजे एखादी नळी पूर्ण बंद. १ म्हणजे नळी अरुंद झालीच तर २५ टक्क्यांच्या आत. 'प्लाक' म्हणजे नळीच्या भिंतीवरचा थर, 'स्टेनोसिस' म्हणजे नळी अरुंद होणं, आणि कॅल्शियम स्कोअर म्हणजे त्या थरात कॅल्शियम किती साठलंय त्याचा आकडा. झोपा आता.

पेठकर | रविवार, रात्री ११:०९

उरलेल्या अडीच किलोची करंजी. सदाशिव पेठेत आणून दिल्यास स्वीकारली जाईल. वेळ सकाळी १० ते १, दुपारी बेल वाजवू नये.

रातराणी | रविवार, रात्री ११:३०

नवऱ्याचं वाचून पोटात कालवलं. आमच्या त्या रात्री माझा नवरा पलंगावर होता, त्याला निदान सगळे विचारत होते.

कांचनवेल | सोमवार, १२ जानेवारी, रात्री ८:५५

डॉक्टरांकडे जाऊन आले. दोघं नाही, तिघं. सासूबाई चपला घालून दारात उभ्याच होत्या.

रोहिणीच्या भिंतीला थोडा थर बसायला सुरुवात झालीय, पण प्रवाहाला कुठेही अडथळा नाही. स्टेंट वगैरे विषयच नाही. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली, चालणं चालू ठेवायचं. मी प्रश्न कागदावर लिहून नेले होते, अकरा. डॉक्टरांनी अकराच्या अकरा वाचले. मग त्यांनी मला एकच विचारला: हिमोग्लोबिन शेवटचं कधी बघितलंत? मला आठवेना. गेलं वर्षभर पाळी कशी येतेय ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाले, टेकडीवर दम लागायला हृदयच कशाला लागतं, आधी रक्त बघू. छातीत आवळणं तरीही राहिलं तर परत यायचं.

म्हणजे पुन्हा एक रिपोर्ट. उद्या सकाळी रक्त देणार, संध्याकाळी कळेल. नंबर या वेळी माझा दिलाय.

मुलाला रात्री सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं. आजी सांगून गेली." कधी, तर शुक्रवारी.

ईसीजीवाली | सोमवार, रात्री ९:१०

बरं वाटलं वाचून. पालक, खजूर वगैरे लगेच सुरू करू नका हं, आकडा तर येऊ दे. आणि पाक परत करा, यंदाचे लाडू व्हायलाच हवेत.

चिंचवडकर | सोमवार, रात्री ९:२२

घड्याळ तांदळातून काढायला विसरू नका. आमचं कुकरमध्ये जाता जाता वाचलं होतं.

मृण्मयी_बाणेर | सोमवार, रात्री १०:०२

कांचनताई, फार फार बरं वाटलं. माझी बातमी अशी की बाबांना आज परत दाखवलं. एको फर्स्ट क्लास असला तरी जिने चढताना छातीत दुखतं हे त्यांनी आत्तापर्यंत लपवलं होतं. अँजिओग्राफी गुरुवारी सकाळी आहे. आई तिथे आहेच, मी आणि दादाही त्यांच्याकडे राहायला जाणार आहोत.

मटार किती किलो आणायचे?

ईसीजीवाली | सोमवार, रात्री १०:०९

चौघांना तीन पुरे. बाबांची अँजिओग्राफी उजव्या मनगटातून नळी घालून केली तर दोन-तीन दिवस त्या हाताने सोलू देऊ नकोस. त्यांना दाणे मोजायला बसव.